स्पॅनिशचा वर्ग आणि तंत्रज्ञान: किती, कुठे आणि कशासाठी?

निळीशाई
नमस्कार मंडळी. बी.एड.चं शेवटचं वर्ष चालू आहे. स्पॅनिशची डेले ही प्रमाणपत्र परीक्षा बी२ पातळीपर्यंत झाली आहे, त्यावरच्या सी१ची तयारी सुरू आहे. जूनपासून मुंबईतल्या शाळेत सहावी ते आठवीला स्पॅनिश शिकवायची इच्छा आहे. त्यासाठी मुलाखती देतेय आणि प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न हमखास येतो: "वर्गात तंत्रज्ञानाचा वापर कसा कराल?" समोरच्यांना स्मार्टबोर्ड, अ‍ॅप, क्विझ असे शब्द ऐकायचे असतात. ते मला म्हणता येतात, पण माझं स्वतःचं मत त्याहून थोडं वेगळं आहे. ते इथे मांडते.

जे मला एकटीला मुंबईच्या वर्गात आणता येणार नाही, ते आणण्यासाठी तंत्रज्ञान वापरावं. क्रियापदं चालवून दाखवायला खडू पुरतो. पण माझा आवाज एकच आहे आणि तो भांडुपमध्ये वाढलेल्या बाईचा आहे. स्पॅनिश वीस देशांची राजभाषा आहे. माद्रिदचा माणूस काही अक्षरं जीभ दातांत धरून बोलतो, ब्वेनोस आइरेसचा माणूस जिथे आम्ही 'य' शिकलो तिथे 'श' म्हणतो, क्युबातला माणूस शब्दाच्या शेवटचा 'स' गिळून टाकतो. हे सगळे आवाज मुलांच्या कानावर पहिल्या महिन्यापासून पडायला हवेत. ते माझ्या तोंडून पडणार नाहीत.

दुसरी बाजू अशी. इंग्रजी आपल्या मुलांना लोकलमध्ये, दुकानात, टीव्हीवर ऐकू येतं. स्पॅनिश वर्गाबाहेर कुठेच नाही. म्हणजे पस्तीस मिनिटांचा तास हीच त्यांची बोलायची एकमेव जागा. त्या वेळात चाळीस मुलं खाली माना घालून टॅबवर बोटं फिरवत बसली तर ती बोलणार कधी? म्हणून ऐकणं यंत्रातून, बोलणं माणसाशी, अशी विभागणी मी मनाशी केली आहे.

शिक्षक, पालक, भाषा शिकणारे, सगळ्यांनी लिहा. विरोधी मतं तर हवीच आहेत.

खडूफळा
मी मराठी शिकवतो, तरी लिहितो. प्रत्येक पाठ दोन प्रकारे तयार ठेव: एक विजेसकट, एक विजेशिवाय. जुलैत पाऊस लागला की नेट जातं, प्रोजेक्टरचा दिवा गेला की नवा येईपर्यंत सत्र संपतं. ध्वनिफिती आदल्या रात्री फोनवर उतरवून घे आणि एक छोटा स्पीकर पिशवीत ठेव. शाळेच्या वायफायवर तास उभा करू नकोस.

पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले, २०१७ पासून दीक्षा हा सरकारी ऑनलाइन अभ्यासमंच आला. आमच्याकडे त्याचा खरा फायदा झाला तो गैरहजर मुलांना. आजारी पोरगं घरी बसून धडा ऐकतं. हा वापर फारसा कोणी बोलून दाखवत नाही.

मीनलची_आई
वाचनखूण साठवली. लेकीने यंदाच स्पॅनिश घेतलंय.

तर्कट
विरोधी मत मागितलंय म्हणून देतो.

पस्तीस मिनिटं, चाळीस मुलं. एकेकाला बोलतं केलंत तर प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिटसुद्धा येत नाही. तुम्ही जी जागा राखताय म्हणता ती मुळात इतकी लहान आहे. टॅबवर प्रत्येक मूल एकाच वेळी काम करत असतं आणि आपापल्या वेगाने.

शिवाय विसरण्याचं काय? एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं आधी झपाट्याने आणि मग हळूहळू विसरतं. वाढत्या अंतराने उजळणी केली तर टिकतं. अँकीसारखी कार्डांची अ‍ॅप्स नेमकं हेच करतात: ज्याला जो शब्द आठवत नाही, त्याला तो लवकर पुन्हा दाखवतात. चाळीस मुलांपैकी कोणाला कोणता शब्द कधी विसरायला होणार, हे कुठल्या बाईंच्या लक्षात राहील? हे काम यंत्राचं आहे आणि ते भाषाशिक्षणाच्या गाभ्याचं आहे, कडेचं नाही.

निळीशाई
@तर्कट, कार्डांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. शब्दसंग्रह घरी, रोज थोडा वेळ, फोनवर किंवा पुठ्ठ्याच्या कार्डांवर. त्यात माझा तास खर्च होत नाही.

पण एकेकाला उभं करून बोलतं करायचं असं मी म्हटलेलं नाही. दोघादोघांच्या जोड्या लावायच्या. चाळीस मुलं म्हणजे वीस जोड्या आणि वीस जण एकाच वेळी बोलतायत. एकाच्या कागदावर दुकानाची यादी, दुसऱ्याच्या कागदावर दर. विचारल्याशिवाय माहिती मिळतच नाही. अशा खेळात पाच मिनिटांत प्रत्येक मुलाची डझनभर वाक्यं होतात.

खडूफळा
आणि शेजारच्या वर्गातल्या बाई तक्रार घेऊन येतात :) येऊ देत. आधीच त्यांच्याशी बोलून ठेव.

रात्रपाळी
मालाडला एका कॉल सेंटरमध्ये मेक्सिकोच्या ग्राहकांचे फोन घेत होतो. माझं व्याकरण चांगलं होतं, अ‍ॅपवर रोजचा नेमही कधी चुकवला नव्हता. पहिला फोन आला मोंतेर्रेइच्या एका आजींचा. मी माझं ठरलेलं वाक्य बोललो. त्या म्हणाल्या, "मांदे?" माझी बोलतीच बंद. हा शब्द कुठल्याच धड्यात आला नव्हता. मेक्सिकोत नीट ऐकू आलं नाही की अदबीने असं विचारतात, आपण "काय म्हणालात?" म्हणतो तसं.

अ‍ॅपमधला आवाज स्टुडिओतला असतो. स्वच्छ, सावकाश, एका वेळी एकच माणूस. खऱ्या फोनवर मागे टीव्ही चालू असतो, नातू रडत असतो, आजी वाक्य अर्धवट सोडून दुसरंच सुरू करतात. म्हणून धाग्याच्या मूळ मुद्द्याला माझं जोरदार अनुमोदन. मुलांना पहिल्यापासून खरं बोलणं ऐकवा. आधी वेग कमी करून, मग पूर्ण वेगाने, तोच तुकडा. सगळं कळलं पाहिजे असा आग्रह नको. "किती माणसं बोलतायत? भांडतायत की गप्पा मारतायत? कुठला आकडा ऐकू आला?" एवढंच विचारा. आम्हाला कामावर घेतल्यानंतर हे शिकवलं गेलं, ते सहावीत शिकवता येईल.

अवनी_गोरेगाव
मी अख्खी स्पॅनिश गोरेगाव ते चर्चगेट प्रवासात अ‍ॅपवर शिकले, त्यामुळे अ‍ॅपची बाजू घेणारच. पण एक गोष्ट खटकली. माझ्या अ‍ॅपमध्ये सगळं इंग्रजीतून समजावलेलं होतं. आवडीनिवडी सांगायचा धडा आला तेव्हा तिथे लिहिलं होतं की हे क्रियापद उलटं चालतं, जपून राहा, सगळ्यांचं इथे चुकतं. मी चार दिवस घाबरून होते. मग एकदा दादरला गाडी थांबलेली असताना लक्षात आलं की अरे, उलटं कुठे आहे? हे तर आपलंच आहे!

निळीशाई
@अवनी_गोरेगाव, अगदी माझ्या जिव्हाळ्याच्या विषयाला हात घातलास, त्यामुळे आता मोठा प्रतिसाद.

'मे गुस्ता एल मांगो' म्हणजे मला आंबा आवडतो. 'मे गुस्तान लोस मांगोस' म्हणजे मला आंबे आवडतात. क्रियापद आंब्याप्रमाणे बदललं, माझ्याप्रमाणे नाही. मराठीतही तसंच. इंग्रजीत मात्र 'मी' कर्ता होतो आणि आंबा कर्म. आपली मुलं इंग्रजीच्या दारातून स्पॅनिशकडे गेली तर सोपी गोष्ट अवघड होऊन समोर येते.

असं बरंच आहे. तू आणि तुम्ही हा भेद स्पॅनिशमध्ये 'तू' आणि 'उस्तेद' असा आहे. कोणाला काय म्हणायचं याची समज मराठी मुलाला घरातूनच असते. क्रियापदावरून कर्ता कळतो म्हणून 'मी' गाळता येतो: आपण "येतो हं" म्हणतो आणि निघतो, तेही तसंच करतात. उच्चारांतही स्पॅनिश त आणि द हे आपल्या त आणि दसारखे दंत्य आहेत. मुलं इंग्रजीच्या सवयीने ट, ड म्हणायला लागतात. फोनवरचं उच्चार तपासणारं अ‍ॅप तो ट चालवून घेतं, कारण शब्द ओळखू आला की त्याचं काम झालं. तिथे शिक्षकाचा कान हवा.

भाषांतराच्या यंत्राचंही सांगते. "मी दमले" या दोन शब्दांत बोलणारी मुलगी आहे हे दिसतं. स्पॅनिशमध्येही ते दिसायला हवं: 'एस्तोय कान्सादा'. मधे इंग्रजी आलं की 'आय अ‍ॅम टायर्ड' होतं, मुलगी की मुलगा ही खूण पुसली जाते आणि पलीकडे बहुतेक वेळा 'कान्सादो' बाहेर पडतं, म्हणजे दमलो. दोन्ही टोकांच्या भाषांकडे जे होतं, ते मधल्या भाषेने गाळलं. वर्गात मी हे यंत्र लपवणार नाही. उलट फळ्यावर दाखवून मुलांना विचारणार की कुठे गळती झाली, शोधा.

मला वाटतं तंत्रज्ञानाबद्दल बोलताना हा प्रश्न आपण विचारतच नाही, की हे साधन कोणत्या भाषेच्या मुलासाठी तयार केलं आहे. स्पॅनिश शिकवणारी बहुतेक साधनं इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला समोर ठेवून केलेली दिसतात. आपल्या मुलाच्या अडचणी वेगळ्या आहेत आणि सोयी तर फारच वेगळ्या आहेत.

सुगरण_नाही
प्रतिसाद आवडला. पण मुंबईतल्या शाळेत सगळी मुलं मराठी कुठून येणार? माझ्या मुलाच्या वर्गात गुजराती, तमिळ, हिंदी, कोकणी सगळे आहेत.

निळीशाई
रास्त प्रश्न. गुजराती मूल 'मने केरी भावे छे' म्हणतं, हिंदी 'मुझे आम पसंद है', तमिळमध्ये 'एनक्कु' ने सुरुवात होते, म्हणजे 'मला'. आवडीच्या बाबतीत आपण सगळे स्पॅनिशच्या बाजूचे आहोत. पहिल्या तासाला प्रत्येकाकडून घरच्या भाषेतलं हे वाक्य फळ्यावर लिहून घ्यायचं माझ्या मनात आहे. यात खडू सोडून काहीच लागत नाही.

आजोबा_दादरचे
धागा आवडला. थोडा जुना संदर्भ देतो.

१९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिका हादरली. पुढच्या वर्षी त्यांनी शिक्षणासाठी मोठा कायदा केला आणि त्या पैशातून शाळाशाळांत भाषा-प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. काचेचे कप्पे, कानाला हेडफोन, टेपवर वाक्य ऐकायचं आणि तसंच म्हणायचं. तेव्हाही हेच बोललं जात होतं की आता प्रत्येक विद्यार्थी आपापल्या वेगाने शिकेल. पुढे त्यातल्या कितीतरी बंद पडल्या. मी स्वतः जर्मन अशाच टेपवर शिकलो. वाक्यं अजून पाठ आहेत, पण टेप मला कधी प्रश्न विचारत नव्हती, आणि मी वेडंवाकडं उत्तर दिलं तरी तिला पत्ता नसायचा.

तर्कट
@आजोबा, तोच तर फरक पडलाय. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. आता यंत्र प्रश्नही विचारतं आणि वेड्यावाकड्या उत्तराला तोंडही देतं. टेपचा दाखला आता लागू होत नाही.

खडूफळा
तोंड देतं आणि निबंधही लिहून देतं. आमच्याकडे मराठीचे निबंध अचानक इतके गुळगुळीत झाले की एकाही मुलाची आजी त्यात उरली नाही. @निळीशाई, घरच्या लेखनाचं काय करणार आहेस?

निळीशाई
लेखन वर्गातच, हाताने. आठवड्यातून एकदा, थोडंच. हाताने लिहिण्याला आणखी एक कारण आहे. फोनवर स्वरांवरचे आघात आणि 'एन्ये' (ñ) या अक्षरावरची नागमोडी रेघ यांसाठी कळ दाबून धरावी लागते. मुलं कंटाळतात आणि सोडून देतात. 'आन्यो' म्हणजे वर्ष, रेघ गेली की त्याऐवजी भलताच शब्द तयार होतो. कागदावर ती रेघ सहज येते.

घरचा अभ्यास आवाजी ठेवणार. मोठ्याने वाचलेला परिच्छेद किंवा घरातल्या एका माणसाचं वर्णन, ध्वनिमुद्रित करून पाठवायचं.

मीनलची_आई
लिहू की नको करत होते, लिहितेच. मीनलचा धाकटा भाऊ अडखळत बोलतो. वर्गात उभं केलं की शब्द फुटत नाही, मुलं हसतात, मग तो पुढचे दोन दिवस गप्प. त्याच्या इंग्रजीच्या बाईंनी त्याला घरून आवाज पाठवायची मुभा दिली. तो खोलीचं दार लावून हवं तेवढ्या वेळा म्हणतो आणि मनासारखं झालं की पाठवतो. बाई त्याला आवाजातच उत्तर पाठवतात. परवा त्याने आपणहून वर्गात कविता म्हटली. अडखळला, पण शेवटपर्यंत म्हटली. माझ्यासाठी तंत्रज्ञान म्हणजे ती सोय आहे. जोड्या लावाल तेव्हा अशा मुलांकडे लक्ष असू द्या एवढंच सांगणं.

निळीशाई
ताई, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. माझी 'बोलणं माणसाशी' ही विभागणी मला इथे सैल करायला हवी, हे तुमच्यामुळे कळलं. तुमच्या मुलाच्या बाबतीतही पलीकडे बाई होत्याच, फोन फक्त मधे होता. बुजऱ्या मुलांना आधी आवाज पाठवू देईन, मग आवडत्या मित्राबरोबर जोडी, मग बाकी वर्ग.

काळाकोट
वकिली सूचना. मुलांचे आवाज साठवणार असाल तर पालकांची लेखी संमती घ्या. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील सगळे 'मूल' आणि त्यांची माहिती हाताळायला पालकांची संमती हवी. कुठल्यातरी फुकट अ‍ॅपवर अख्ख्या वर्गाची नावं आणि जन्मतारखा भरून मोकळं होऊ नका. शाळेने ठरवलेली जागा वापरा आणि सत्र संपलं की पुसून टाका.

बिनधास्त_बोरिवली
एवढं सगळं ठीक आहे हो, पण पालक स्पॅनिश घेतात ते मार्कांसाठी. आमच्या सोसायटीत फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश यांत कुठे जास्त मार्क पडतात यावर बैठक झाली होती!

अवनी_गोरेगाव
बैठकीत चहा होता का? :)

निळीशाई
मार्कांच्याच भाषेत उत्तर देते. डेले ही इन्स्तितुतो सेर्वांतेस या स्पेनच्या सरकारी संस्थेची परीक्षा, शाळकरी मुलांसाठी तिचा वेगळा प्रकारही आहे. बी२ पर्यंतच्या पातळ्यांत दोन गट असतात: वाचन-लेखन एक, ऐकणं-बोलणं दुसरा. प्रत्येक गटात पन्नासपैकी तीस मिळाले तरच उत्तीर्ण. एका गटातले जास्तीचे गुण दुसऱ्यात ओतता येत नाहीत. म्हणजे कान आणि तोंड कच्चं राहिलं तर कितीही क्रियापदं पाठ असोत, प्रमाणपत्र नाही. पालकसभेत हे पहिल्यांदा सांगणार.

आजोबा_दादरचे
@तर्कट, यंत्र तोंड देतं हे मान्य. पण समोरच्याला आपलं बोलणं कळावं अशी जी धडपड माणूस करतो, ती समोर माणूस असेल तरच होते असं मला अजूनही वाटतं. पलीकडच्या शाळेशी थेट बोलणं का करत नाही कोणी?

तर्कट
यावर मी भांडणार नाही :) फक्त वेळेचं गणित करून देतो. माद्रिद आपल्या मागे हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन. आपल्याकडे दुपारी दीड वाजता तिथे सकाळचे नऊ किंवा दहा, दोन्हीकडे शाळा चालू. मेक्सिको सिटी साडेअकरा तास मागे. आपले सकाळचे साडेसात म्हणजे त्यांचे आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ, तिथे शाळा नाही, पण घरून बोलणारी मुलं मिळू शकतील. तेव्हा दुपारची शाळा असेल तर स्पेन, सकाळची असेल तर मेक्सिको.

निळीशाई
हे फारच उपयोगी आहे, धन्यवाद!

मूळ प्रश्नाकडे येते. गुरुवारी एका शाळेत नमुना पाठ घ्यायचा आहे, तिथे काय करणार ते सांगते.

मेक्सिको सिटीची मेट्रो १९६९ मध्ये सुरू झाली. तिथल्या प्रत्येक स्थानकाला नावाबरोबर एक चित्रखूण आहे, ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही स्थानक ओळखता यावं म्हणून. चापुल्तेपेकला नाकतोडा, सोकालोला गरुड. मोठ्या पडद्यावर तो नकाशा दाखवायचा. स्पीकरवर खऱ्या मेट्रोतला आवाज ऐकवायचा, गर्दी आणि फेरीवाल्यांसकट. पडद्याचं काम तिथे संपलं. मग जोड्या: चापुल्तेपेकहून सोकालोला कसं जायचं? पिनो सुआरेसला गाडी बदलायची. विचारा, सांगा, चुका, पुन्हा विचारा. नंतर तेच आपल्या नकाशावर, ठाण्याहून चर्चगेटला, दादरला बदलून. शेवटी प्रत्येक जोडीने मुंबईच्या एका स्थानकासाठी चित्रखूण काढायची आणि ती का निवडली ते स्पॅनिशमध्ये दोन वाक्यांत सांगायचं.

पंचवीस मिनिटं मुलं बोलतील, पाच मिनिटं यंत्र. मुलाखत घेणाऱ्यांना हे कमी वाटलं तर त्यांना कारण सांगेन. ते मला पाठ आहे.

रात्रपाळी
मस्त. त्या मेट्रोत फेरीवाले एका ठरावीक हेलात ओरडतात, मुलांना तो उचलायला फार आवडेल. माझ्याकडे काही मेक्सिकन मित्र आहेत, त्यांच्याकडून रस्ता सांगणारे दोन-तीन आवाज मागवून देतो. व्यक्तिगत निरोप पाठवला आहे.

सुगरण_नाही
'र्र' कसा शिकवणार? पोरगं घरभर मोटरसायकल चालवत फिरतंय.

निळीशाई
फिरू दे, तोच सराव! 'पेरो' म्हणजे पण आणि 'पेर्रो' म्हणजे कुत्रा, तेव्हा फरक लागतोच. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेलं प्रात नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात स्वतःचा आवाज पडद्यावर दिसतो. जीभ टाळूला एकदा लागली तर एक खाच, 'र्र' मध्ये दोन-तीन खाचा. मुलांना त्या मोजायला दे.

खडूफळा
चित्रखुणांचा पाठ मी मराठीच्या तासाला उचलतोय, परवानगी गृहीत धरली आहे. शिवाय ट्रेन चुकली तर काय म्हणायचं तेही गुरुवारी शिकव, मुंबईच्या मुलांना ते आधी लागेल. नकाशा मोठ्या कागदावर रंगीत छापून जवळ ठेव, प्रोजेक्टर लागला नाही तर फळ्यावर चिकटव. आणि घरून निघताना स्पीकर चार्ज झालाय ना, बघ.